घाटातला दुसरा गोलकीपर

कुणी माझी ओळख करून देताना "हे चार सीझन व्यावसायिक फुटबॉल खेळले" असं म्हणालं, की मी लगेच बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. व्यावसायिक होतो हे खरं. करार होता, पगार होता, पाठीवर तेहतीस नंबरची जर्सी होती. फक्त खेळलो नव्हतो. मी दुसरा गोलकीपर होतो.

हा हुद्दा ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. संघात गोल अडवायला एकच माणूस उभा असतो. तो पडला, त्याचा हात मोडला, पंचाशी भांडून बाहेर गेला, तर दुसरा कुणीतरी तयार हवा म्हणून क्लब आणखी एक माणूस पाळतो. बाकीचे राखीव खेळाडू शेवटची दहा मिनिटं का होईना, आत जाऊन घाम गाळून येतात. गोलकीपर मात्र उगाच कुणी बदलत नाही. त्यामुळे दुसरा गोलकीपर सामन्याआधी पहिल्याला शॉट मारून मारून गरम करतो, मग ग्लोव्हज घालून खुर्चीवर बसतो आणि नव्वद मिनिटांनी ग्लोव्हज काढतो. ते काढताना आतून जो वास येतो तेवढीच त्याची कमाई.

मी दौंडचा. दौंड सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण प्लॅटफॉर्मपुरतं. दक्षिणेतल्या त्या क्लबात पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "दौंड म्हणजे गाडी जिथं उगाच थांबते तेच ना?" गाडी थांबते हे खरं, पण उगाच थांबत नाही, आणि हे मी त्याला इतक्या तावातावाने समजावलं की पहिले सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. आमच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर वडिलांच्या पिढीपासून फुटबॉल चालत आला होता. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघा सोलवटायचा. माझी आई शिवणकाम करायची आणि माझ्या पँटींना गुडघ्यावर जाडजूड ठिगळं असायची. एवढ्या पात्रतेवर पोरांनी मला गोलात उभं केलं. तिथून जिल्हा, मग पुण्याची लीग, मग कुठलीशी ट्रायल, आणि एक दिवस खुर्ची.

चार सीझनमध्ये आमचा पहिला गोलकीपर सहा वेळा मैदानावर आडवा झाला. सहाही वेळा मी उभा राहून जॅकेटची चेन उघडली. सहाही वेळा तो उठला, पाणी प्यायला, थुंकला आणि परत उभा राहिला, आणि मी चेन लावून खाली बसलो. माणूस चांगला होता. गावाहून येताना माझ्यासाठी केळ्याचे वेफर्स आणायचा. तो पडला की त्याने उठावं असं मला मनापासून वाटायचं, आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याने उठू नये असंही वाटायचं. मग दुसऱ्या दिवशी त्याचे वेफर्स खाताना लाज वाटायची. पण खायचो.

चौथा सीझन संपून घरी आलो आणि शिरूर तालुक्यातलं एक स्थळ आलं. मुलगी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी विभागात होती. तिचे वडीलही तिथंच, दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. कमी बोलणारा, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर ठेवणारा माणूस. घरात बोलायचं काम त्यांच्या थोरल्या भावाकडे होतं. हे चुलते गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते आणि बसायचेही तसेच, म्हणजे कुठल्याही खुर्चीचं स्टेज करून. गाव त्यांना आबा म्हणायचं.

"काय करता?" आबांनी पोहे पुढे सरकवत विचारलं.

"फुटबॉल."

"ते झालं. काम काय करता?"

"तेच काम आहे."

आबांनी भावाकडे पाहिलं. भाऊ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. "बरं. मग गोल किती मारलं आजपतूर?"

"मी गोलकीपर आहे. मी अडवतो."

"म्हंजी एकबी न्हाई."

"नाही."

"मग पगार कशाचा देत्यात?"

याचं उत्तर चार वर्षं मीच शोधत होतो. तेवढ्यात तिच्या वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅच किती खेळला?"

"चार सीझन झाले," मी म्हणालो. खोटं नव्हतं, पण विचारल्याचं उत्तरही नव्हतं. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझ्यात काहीतरी डिफेक्ट सापडला आहे आणि आता ही वर लाल स्टिकर लावणार.

तिने नंबर घेतला होता. रात्री जेवणं झाल्यावर फोन आला. "बाबांनी मॅच विचारल्या होत्या. तुम्ही सीझन सांगितले."

"हो."

"किती मॅच?"

"शून्य."

ती हसायला लागली. मी फोन कानाला लावून बसून होतो आणि ती हसतच होती, मधे एकदा कुणीतरी तिला पाणी दिल्याचा आवाजही आला. मग म्हणाली, "मला चालेल. पण बाबांना लपवालपवी चालत नाही. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

मी हो म्हणालो आणि पुढचे दोन महिने सांगितलं नाही. रोज बोलायचो आम्ही. तिच्या लाइनवरच्या रिजेक्ट झालेल्या मालाच्या गोष्टी ती अशा रंगवून सांगायची की मला नटाखालच्या वायसरचं दुःख समजायला लागलं. मला ती मुलगी हवी होती. एवढी मला पहिल्या गोलकीपरची जागासुद्धा कधी हवीशी वाटली नव्हती. म्हणूनच तिच्या वडिलांना सांगायची हिंमत होत नव्हती. नोकरीत चार वर्षं काहीच न केलेल्या माणसाला कोण मुलगी देईल? मी तरी दिली नसती.

इतक्यात त्यांच्या गावची यात्रा आली आणि आबांची पंचाईत झाली. त्यांच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती असतात, आणि त्या वर्षी जनावरांत आजार असल्यामुळे शर्यतींना परवानगी नव्हती. मांडव घातलेला, भोंगे बांधलेले, शर्यतीचा घाट म्हणजे तो चढाचा रस्ता साफसूफ करून तयार, आणि पळायला बैल नाहीत. दुसऱ्या कुणी कुस्त्यांवर भागवलं असतं. आबांनी फुटबॉल जाहीर केला. शेजारच्या गावातल्या पोरांची टीम विरुद्ध आपल्या गावातल्या पोरांची टीम, आणि प्रमुख आकर्षण मी.

"पोरगं प्रोफेशनल हाय म्हनत्यात," आबा भावाला म्हणाले, "बघू तरी काय करतंय. मग होय-न्हाई सांगू."

तिच्या वडिलांनी मला फोन केला. "भाऊ म्हणतोय तर या. खेळताना बघू, मग पुढचं बोलू." आणि फोन ठेवला. व्यावसायिक झाल्यावरचा माझा पहिला सामना असा ठरला, आणि त्यात माझं लग्न पणाला लागलेलं होतं.

चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने मी मोटरसायकलवर निघालो. पुढे उसाची ट्रॉली, मागे मी. गावच्या वेशीत माझा फ्लेक्स लागला होता. 'दौंडचा ढाण्या वाघ' असं वर लिहिलेलं, खाली आबांचा हात जोडलेला फोटो, आणि त्याहून लहान आकारात मी, हवेत सूर मारलेला. फोटो कुठूनतरी इंटरनेटवरून काढला होता. तो सरावातला होता. चेंडू फोटोत आला नव्हता हे माझं नशीब, कारण तो आत गेला होता.

मैदान पाहून मी मोटरसायकलवरून उतरायचंच विसरलो. बैलगाड्यांचा घाट म्हणजे चढ. बैल खालून वर पळतात, त्यात त्यांचं कौतुक असतं. आबांनी त्याच चढावर फक्कीने मैदान आखलं होतं. एक गोल खाली, एक गोल वर. खांब बांबूचे, मागे पॉलिहाऊसचं हिरवं शेडनेट. चेंडू मध्यावर ठेवला की तो आपोआप खालच्या गोलाकडे निघायचा, म्हणून त्याच्याखाली एक खडा लावला होता.

मग सत्कार. मला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. पंच म्हणून शाळेतले पीटीचे सर होते, त्यांनाही दिला. दोन्ही टीमच्या कॅप्टनांना दिला. माइकवर होता एक समालोचक. शर्यतींचा तालुक्यातला एक नंबरचा माणूस, फुटबॉल आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता, पण आवाज असा की भोंग्याची गरज नव्हती. सत्कार संपेपर्यंत तासभर गेला आणि उन्हं डोक्यावर आली. मी शाल काढून ग्लोव्हज घातले आणि खालच्या गोलाकडे चालायला लागलो.

"पाव्हणं, तिकडं कुठं?" आबा स्टेजवरून ओरडले.

"गोलात."

"आवं, पाव्हण्याला मागं उभं करत्यात व्हय? लोक शेण घालतील आमच्या तोंडात. पुढं उभं ऱ्हावा!"

मी समजावलं. सरांनी समजावलं. पण पाहुणा म्हटला की तो पहिल्या पंगतीला, पहिल्या रांगेत आणि पुढच्या खुर्चीवर. त्याला सगळ्यांच्या मागे जाळ्यापाशी एकटं उभं करायचं ही कल्पनाच आबांना सहन होईना. पाहुणा असल्यामुळे मी पाहुण्यांच्याच बाजूने, म्हणजे शेजारच्या गावाकडून खेळणार हेही ठरलं. थोडक्यात, चार वर्षं गोलात उभं राहायची वाट बघितलेला मी, भर उन्हात, फेटा बांधून, चढावर, फॉरवर्ड म्हणून उभा राहिलो. फेटा काढू का विचारलं तर ज्याने बांधला होता त्याचं तोंड पडलं, म्हणून तो तसाच ठेवला.

खडा काढला, शिट्टी झाली.

"आऽऽन् सुटली बारी! चेंडू निघाला... निघाला... तीन सेकंद, चार सेकंद, भिर्रर्रर्र!" बैलजोडी सुटली की द्यायची आरोळीच समालोचकाने चेंडूला दिली. चेंडू कुठल्या टीमचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो कितीत पोचतो एवढंच तो मोजत होता. चेंडू आपोआप खाली येत होता तरी त्याला तो चेंडूचाच पराक्रम वाटत होता. पहिल्या डावात आम्ही चढावर चालून जात होतो. मी वर पळायचो, चेंडू माझ्या शेजारून खाली यायचा, मग मी खाली पळायचो. पंधरा मिनिटांत घशाला कोरड पडली आणि फेट्याचं एक टोक सुटून डोळ्यावर यायला लागलं. स्टेजच्या उजव्या अंगाला बायकांचा मांडव होता. ती तिथं पदर तोंडावर धरून बसली होती, आणि तिचे खांदे हलत होते.

मग एक उंच चेंडू माझ्या अंगावर आला. फॉरवर्डने अशा वेळी डोकं लावायचं असतं, छाती लावायची असते. मी काय केलं? दोन पावलं मागे सरकलो, उडी मारली, दोन्ही हातांनी झेलला आणि पोटाशी घेऊन जमिनीवर लोळलो.

सगळ्या घाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाव्हण्यांनी वरच्यावर टिपला! ह्याला म्हनत्यात प्रोफेशनल!" समालोचक बेभान झाला. सरांनी शिट्टी मारली, हात लागला म्हणून चेंडू दुसऱ्या टीमला दिला, तर लोकांनी सरांचीच हुर्यो केली. दहा मिनिटांनी मी पुन्हा झेलला. माझा इलाज नव्हता, हात आपोआप वर जात होते. चार वर्षं त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तिसऱ्यांदा झेलला तेव्हा सरांनी खिशातून पिवळं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

खेळ थांबला. आबा धोतर सावरत स्टेजवरून खाली आले.

"मास्तर, हे काय दावलं पाव्हण्याला?"

"आबा, हाताने खेळतायत. नियम हाय."

"हात त्यांचा हाय का तुमचा? जेवायला बोलवून ताटावरनं उठवल्यासारखं झालं हे. माफी मागा."

"आबा, मी शासनाचा पंच परीक्षा पास माणूस हाय!"

दोन्हीकडची पोरं जमली, आवाज चढले, कुणीतरी सरांच्या नारळाबद्दल काहीतरी बोललं. आणि मग, आमच्याकडे कुठल्याही भांडणात शेवटी होतं तेच झालं. समालोचक माइक घेऊन पळत आला आणि माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "पाव्हणं, दोन शब्द बोला."

माझ्या डोळ्यावर फेट्याचं टोक, समोर पाच-सातशे माणसं, आणि स्टेजच्या कडेला खिशात टेस्टर लावून उभे असलेले तिचे वडील. ते माझ्याकडेच बघत होते. मला एकदम या सगळ्याचा कंटाळा आला. फ्लेक्सचा, वाघाचा, चार सीझनचा.

"सरांचं बरोबर आहे," मी म्हणालो, आणि माझा आवाज चार भोंग्यांतून घाटावर फिरून परत आला. "मी पुढे खेळत नाही. मी गोलकीपर आहे. तोही दुसरा. पहिला पडला तर आत जायचं, एवढंच माझं काम. चार सीझनमध्ये तो एकदाही जायबंदी झाला नाही. मी अजून एकही मॅच खेळलेलो नाही. मुलीच्या वडिलांनी विचारलं तेव्हा मी हे सांगायला हवं होतं."

समालोचकाने माइक परत घेतला. मग त्याने रस्त्यात आडवा लावलेला टेम्पो बाजूला घेण्याची सूचना केली.

आबांचा चेहरा उतरला. पण माणूस कमिटी चालवणारा. दोन मिनिटांत त्यांनी तोडगा काढला. उत्तरार्धात मी गोलात उभं राहायचं नाही, बाहेर सावलीत बसायचं, कारण माझी सवय तीच आहे. हे ते टोमणा म्हणून बोलले की सोय म्हणून, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही टीमनी बाजू बदलल्या. पहिल्या डावात उतारावर त्यांनी दोन गोल मारले होते, दुसऱ्यात उतारावर आमच्या टीमने दोन मारले, आणि उन्हाने दोघांचाही जीव मेटाकुटीला आल्यावर सरांनी दोन-दोन बरोबरीत शिट्टी मारली. जिंकणाऱ्याची ढाल कुणाला द्यायची यावर पुन्हा गलका. तेव्हा आबा माइकवर आले.

"एक किक व्हईल. गावाकडनं मी मारनार. तिकडनं पाव्हणं अडवतील. गेला तर ढाल गावात, न्हाई गेला तर त्यांच्या गावाला."

सगळं गाव उठून खालच्या गोलामागे जमलं. मी ग्लोव्हज चढवले. माझ्या व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला शॉट, आणि मारणार कोण, तर ज्यांच्या एका शब्दावर माझं लग्न अडलं होतं ते. चेंडू ठेवायला आलेला तिचा चुलतभाऊ, आबांचाच मुलगा, खाली वाकून माझ्या कानाशी कुजबुजला, "दाजी, सोडा. म्हाताऱ्याचा मान हाय. सोडला की जमलंच समजा."

मी सोडणार होतो. उगाच मोठेपणा कशाला सांगू? मला ढाल नको होती, मला ती मुलगी हवी होती, आणि अजून लग्न ठरलं नसताना पोराने मला दाजी म्हटलं होतं. डावीकडे मारला तर उजवीकडे पडायचं, उजवीकडे मारला तर डावीकडे, असं पक्कं ठरवून मी उभा राहिलो.

आबा करकरीत कोल्हापुरी घालून पळत आले. "सुटली बारी!" समालोचक किंचाळला. आबांचा पाय चेंडूला लागला, आणि त्याच झटक्याला पायातली चप्पलही सुटली. चेंडू डावीकडे निघाला, चप्पल उजवीकडे. मला उजवीकडे पडायचं होतं, देवाशपथ सांगतो. पण रोज सकाळी, चार वर्षं, पाऊस असो थंडी असो, ज्या अंगाने मी उड्या मारल्या होत्या त्या अंगाला आबा कोण हे माहीतच नव्हतं. मी डावीकडे झेपावलो. मुरमावरून फरपटत गेलो, बाही फाटली, फेटा उडाला, आणि चेंडू माझ्या हातात होता.

चप्पल जाळ्यात होती.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही. मी पालथा पडून हसत होतो. मग वर पाहिलं तर आबा एका पायात चप्पल घालून उभे होते आणि गावातला एकही माणूस टाळी वाजवत नव्हता. शेजारच्या गावाची पोरं ढाल घेऊन तेवढ्यात पसारही झाली. "साडेतीन सेकंद," समालोचक हळू आवाजात म्हणाला, "चप्पल." आबांनी चप्पल काढून आणायला पोराला खूण केली, पायात घातली आणि कुणाशीही न बोलता घरी गेले. यात्रेचं जेवण झालं, पण ते पंगतीला आले नाहीत. तिचे वडील मला मोटरसायकलपर्यंत सोडायला आले, माझ्या सोललेल्या कोपराकडे बघितलं, "हळद लावा" म्हणाले आणि परत फिरले.

"चप्पल पण अडवायची होती ना," ती रात्री फोनवर म्हणाली. पण हसली नाही. घरात आबा रुसले होते. मुलाला मोठ्या माणसाचा मान ठेवता येत नाही आणि नोकरीत काम नाही, मग द्यायची कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. "सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर या. आधार कार्ड आणा."

मला समजलं. हेल्परची जागा बघितली असणार. फुटबॉल सोडा, कामाला लागा, मग बोलू. रात्रभर विचार करून मी ठरवलं, लागायचं कामाला. ती म्हणाली, "असं ठरवू नका हो," आणि रडली. पहिल्यांदाच. मी बायोडाटा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि पहाटे दौंडहून निघालो. गेटवर सिक्युरिटीने पास दिला, हेल्मेट दिलं, आणि माझ्या मापाहून लहान सेफ्टी शूज दिले. मी बोटं आखडून तिच्या वडिलांच्या मागे चालत राहिलो. ऑफिस गेलं, कँटीन गेलं, मुख्य शेड गेली. पार मागच्या भिंतीशी एक पत्र्याची खोली होती, तिचं कुलूप त्यांनी उघडलं.

आत एक जनरेटर होता. आमच्या स्वयंपाकघराएवढा, पण स्वयंपाकघराहून लख्ख.

त्यांनी मला कानात घालायला बोळे दिले, ऑइल बघितलं, पाणी बघितलं, बॅटरीवर हात फिरवला आणि बटण दाबलं. जमीन थरथरायला लागली. दहा मिनिटं ते मशीन धडधडत होतं आणि आम्ही दोघं त्याच्यासमोर हात बांधून उभे होतो. मग त्यांनी ते बंद केलं.

"बारा वर्सं झाली," ते म्हणाले. "मी सांभाळतो ह्याला. खरी लाइट जाऊन ह्याच्यावर कंपनी चालली असं एका हाताच्या बोटांवर मोजन्याइतकं झालंय. बाकी हे गप बसून असतंय, आन् ह्याच्यासंगं मी. नवा साहेब आला की पयला सवाल, ह्या मानसाला हितं काय काम? घरी भाऊ बी तेच विचारतो. बारा वर्सांत मला त्याला सांगता आलं न्हाई."

त्यांनी हात पुसायला चिंधी घेतली आणि हात स्वच्छ असूनही बराच वेळ पुसत राहिले. "परवा तुम्ही माइकवर बोललात, तवा मला वाटलं मीच बोलतोय."

मी फोल्डर पाठीमागे धरला.

"पयला पडल्यावर तुम्ही किती वेळात आत जाता?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं. फार तर."

"हे पंदरा सेकंदात लोड घेतं," ते अभिमानाने म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रोज चालू करून बघता का स्वतःला?"

"रोज. सकाळी दोन तास."

"सुट्टीत बी?"

"सुट्टीत पण."

"मग झालं," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांना तारखा काढायला सांगा. भावाचं मी बघतो, त्याला फेट्याचा पयला मान दिला की येतोय तो. तुम्ही बॉल अडवला ते बरोबर केलं. गरजंच्या वक्ताला जे मशीन मानूस बघून बंद पडतं, ते काय कामाचं?"

मी डोळे पुसायला हेल्मेट काढू लागलो तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. अजून गेटच्या आत हाये आपण."